दहावीचा निरोप: आनंद आणि हुरहुर एकाच वेळी का येतात?

जानेवारी सरत आला की जळगाव-धुळे जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये निरोप समारंभांची लगबग सुरू होते. नववीची मुलं वर्गणी काढतात, फळ्यावर रंगीत खडूंनी नक्षी उमटते, मुली साड्या नेसून येतात आणि दिवसभर पदराच्या पिना सावरत राहतात. सकाळी सगळेच खुशीत असतात. ग्रुप फोटोसाठी ढकलाढकली होते, सरांच्या नकला होतात, जेवणात पुरी आणि शेवभाजी असते. दुपारी एखादी मुलगी मनोगत सांगायला उभी राहते, दोन-तीन वाक्यांतच तिचा आवाज अडकतो आणि बघता बघता निम्मा वर्ग रडायला लागतो. ‘कधी एकदाचे सुटतो या शाळेतून’ असं वर्षभर म्हणणारेही त्यात असतात. घरी गेल्यावर आई विचारते, ‘कसा झाला कार्यक्रम?’ उत्तर येतं, ‘भारी!’ डोळे मात्र सुजलेले असतात.

घरातली मोठी माणसं यावर बहुतेकदा एकच बोलतात: ‘रडण्यासारखं काय आहे त्यात? आता कॉलेजला जायचंय, मजा आहे तुझी.’ हेतू चांगला असतो, पण त्यातून मुलाला नकळत सांगितलं जातं की तुझ्या दोन भावनांपैकी एक चुकीची आहे. प्रत्यक्षात दोन्ही खऱ्या असतात. नवं काही सुरू होणार याचा आनंद खरा आणि जुनं सुटतंय याची हुरहुर तितकीच खरी. यातली एकच निवडायला लावण्याऐवजी दोन्हींना जागा दिली, तर मूल पुढच्या टप्प्यावर जास्त स्थिर मनाने पोचतं. हे असं का होतं आणि त्यासाठी घराने, शाळेने आणि खुद्द मुलाने काय करावं, हे आपल्या खानदेशाच्या अनुभवातूनच समजून घेता येतं.

एकाच मनात दोन भावना

सुख आणि दुःख ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली येणारच, असं आपण गृहीत धरतो. मानसशास्त्रातही बराच काळ याच्याशी मिळताजुळता विचार प्रभावी होता. १९८० मध्ये जेम्स रसेल यांनी भावनांचा जो नकाशा मांडला, त्यात सुखद आणि दुःखद ही एकाच रेषेची दोन टोकं होती. एकाच क्षणी माणूस दोन्ही टोकांवर कसा असेल, असा प्रश्न त्यातून येतो. पुढे जॉन कॅसिओपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली. चांगल्याची दखल घेणारी आणि वाईटाची दखल घेणारी यंत्रणा मनात स्वतंत्रपणे काम करते, एरवी एक चालू असताना दुसरी शांत असते, पण काही प्रसंगी दोन्ही एकदम जाग्या होतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे प्रसंग कोणते? जेफ लार्सन, पीटर मॅकग्रॉ आणि कॅसिओपो यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ठिकाणी लोकांना गाठलं. ‘लाइफ इज ब्युटिफुल’ हा इटालियन चित्रपट पाहून बाहेर पडणारे प्रेक्षक, वसतिगृहाची खोली रिकामी करणारे विद्यार्थी आणि पदवीदानाच्या दिवशीचे विद्यार्थी. नेहमीच्या दिवशी ‘मी आनंदी आहे’ आणि ‘मी दुःखी आहे’ या दोन्हींना हो म्हणणारे थोडे असतात. या प्रसंगी त्यांचं प्रमाण स्पष्टपणे वाढलेलं दिसलं. तीनपैकी दोन प्रसंग शिक्षणाचा एक टप्पा संपण्याचे आहेत, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

ही क्षमता वयाबरोबर वाढते. २००७ मध्ये लार्सन आणि सहकाऱ्यांनी पाच ते बारा वर्षांच्या मुलांना ‘द लिटल मर्मेड’ या चित्रपटातला एक तुकडा दाखवला. त्यात लग्न होऊन निघालेली मुलगी वडिलांचा निरोप घेते. मोठ्या मुलांना त्यात आनंद आणि दुःख एकत्र दिसलं आणि स्वतःलाही तसं वाटल्याचं त्यांनी सांगितलं. लहानांमध्ये हे प्रमाण कमी होतं. म्हणजे दहावीतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मिश्र भावना पुरेपूर जाणवतात. मात्र त्या नीट सांगण्याचा सराव त्याला नसतो. त्यामुळे मूल कधी गप्प बसतं, कधी विनाकारण चिडतं आणि आपल्याला काय झालंय हे त्यालाच उमगत नाही.

हे ज्ञान आपल्याकडेही नवं नाही. संस्कृत काव्यशास्त्राने दोन भाव एका क्षणी भेटतात त्याला भावसंधी म्हटलं आणि अनेक भाव एकमेकांत मिसळतात त्याला भावशबलता. कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा चौथा अंक रसिकांना इतका जवळचा वाटतो, कारण त्यात मुलगी योग्य घरी चालल्याचं समाधान आणि ती आश्रम सोडून चालल्याची व्यथा कण्वमुनींच्या मनात एकत्र नांदतात. वैराग्य पत्करलेल्या ऋषीला जे आवरत नाही, ते दहावीतल्या पोराने आवरावं ही अपेक्षाच गैर आहे.

हॅल हर्शफील्ड आणि लॉरा कार्स्टन्सन यांच्या २००८ च्या अभ्यासाने आणखी एक धागा जोडला. पदवीदानाच्या दिवशी काही विद्यार्थ्यांना ‘विद्यार्थी म्हणून हा तुमचा शेवटचा दिवस’ अशी आठवण करून दिली गेली. त्यांच्यात मिश्र भावना इतरांपेक्षा अधिक दिसल्या. म्हणजे ही घालमेल ‘शेवटचं’ या जाणिवेतून येते, आणि आपल्यासाठी मोलाचं असतं त्याचाच शेवट अशी घालमेल उठवतो. रडणारं मूल दुबळं नसतं. शाळेत त्याचा जीव गुंतला होता, एवढंच त्यातून कळतं.

नेमकं काय सुटतं?

‘शाळा सुटली’ असं आपण दोन शब्दांत म्हणतो, पण त्यात कितीतरी गोष्टी एकदम सुटतात. वेळापत्रक सुटतं. रोज शेजारी बसणारा मित्र सुटतो. ‘अमक्याचा मुलगा ना तू?’ असं विचारणारे, बापालाही शिकवलेले शिक्षक सुटतात. वर्गातली आपली ओळखही सुटते. कुणी ‘पहिल्या नंबरवाला’ असतो, कुणी कबड्डीतला, कुणी गॅदरिंगमधला. नव्या ठिकाणी ती ओळख कुणालाच ठाऊक नसते.

खानदेशात या यादीत आणखी भर पडते. अनेक गावांची शाळा सातवीला किंवा दहावीला संपते. पुढे तालुक्याचं गाव गाठायचं, नाहीतर थेट जळगाव किंवा धुळे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असल्यामुळे कितीतरी मुलींचं शिक्षण टिकलं आहे. पण पहाटे उठून डबा भरायचा, फाट्यावर उभं राहायचं, तास संपला की परतीच्या गाडीसाठी धावायचं, हा नवा दिवस जुन्या दिवसासारखा नसतो. गावातल्या शाळेत मधल्या सुट्टीत घरी जाऊन पाणी पिऊन येणारी मुलगी आता संध्याकाळीच घर पाहते.

भाषाही बदलते. धुळे, साक्री, शिरपूर, अमळनेर भागातली मुलं घरी अहिराणी बोलतात. भुसावळ, यावल, रावेरकडे लेवाबोली चालते. सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळांमधल्या मुलांची घरची भाषा पावरी किंवा भिलोरी असते. गावच्या शाळेत मित्राने ‘काय व्हयनं?’ असं विचारलं की मन मोकळं करता येतं. शहरातल्या कॉलेजात पहिले काही महिने बोलण्याआधी वाक्य मनात जुळवावं लागतं. आपल्या बोलीवर कुणी हसेल ही धास्ती खूप मुलांच्या मनात असते आणि ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

आश्रमशाळेतल्या मुलांचा पेच आणखी वेगळा. त्यांच्यासाठी शाळा हेच अनेक वर्षांचं घर असतं. दहावी-बारावी झाल्यावर ती ज्या घरी परततात, तिथे सुट्टीपुरतंच राहायची त्यांना सवय असते. घरी जाण्याचा आनंद आणि घर सोडल्याचं दुःख, दोन्ही एकाच प्रवासात.

खानदेशी माणसाला हे दूर जाणं जुनंच आहे. जळगावचं मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचं प्रताप महाविद्यालय दोन्ही १९४५ मध्ये सुरू झाली. त्याआधी मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचं तर बहुधा पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. नंतरही ती वाट वाहतीच राहिली. १९६३ साली आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर असाच सांगवीहून पुण्याच्या होस्टेलवर जातो. खानदेशातून बाहेर शिकायला गेलेल्या तरुणाचं नव्या शहरातलं एकटेपण मराठी वाचकाने त्या कादंबरीत जवळून पाहिलं. ती इतक्या पिढ्यांना आपली वाटली, कारण गाव सोडताना मन किती दिशांना ओढलं जातं हे तिने लपवलं नाही.

आणि ज्यांना शाळा कधी आवडलीच नाही त्यांचं काय? कुणाला मार बसलेला असतो, कुणाला जातीवरून किंवा रंगावरून चिडवलेलं असतं, कुणाला गणिताच्या तासाला पोटात गोळा यायचा. अशा मुलांना मुख्यतः सुटल्यासारखं वाटतं आणि सगळे रडत असताना आपल्याला रडू येत नाही याची त्यांना उगाच लाज वाटते. त्यांच्या आनंदालाही तेवढाच मान मिळायला हवा. निरोपाच्या दिवशी कुणाच्याही डोळ्यांत पाणी यायलाच पाहिजे असा नियम नाही.

दाखल्यावरचे रकाने

शाळा सोडल्याचा दाखला एकदा नीट वाचून पाहावा. जनरल रजिस्टरचा क्रमांक, विद्यार्थ्याचं नाव, आईचं नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचं कारण आणि शेवटी शेरा. प्रगतीपुढे ‘चांगली’, वर्तणुकीपुढे ‘चांगली’, कारणापुढे ‘एस.एस.सी. उत्तीर्ण’. पाच-सहा वर्षांचं आयुष्य एका ओळीत बसतं. कार्यालयाला तेवढंच पुरतं आणि ते योग्यच आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा घर आणि शाळासुद्धा या टप्प्याकडे दाखल्याच्याच नजरेने पाहू लागतात: टक्के किती, प्रवेश कुठे, कागद झाले का.

त्याच दाखल्यावरचा पहिला रकाना मात्र दिलासा देणारा आहे. जनरल रजिस्टर हे शाळेने कायम जपायचं दप्तर. मूल शाळा सोडून गेलं तरी त्याची नोंद तिथून जात नाही. आजही जात पडताळणीसाठी आजोबांच्या नावाचा उतारा काढायला लोक जुन्या प्राथमिक शाळेत जातात आणि तिथे पिवळ्या पडलेल्या पानावर आजोबा सहा वर्षांचे असतानाची नोंद सापडते. शाळेशी नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, हे मुलाला पटवून द्यायला याहून सोपं उदाहरण नाही.

तुकड्यांत येणारा निरोप

आर्नल्ड व्हॅन गेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये जगभरच्या संस्कारविधींची रचना उलगडली. माणूस एका अवस्थेतून दुसरीत जातो तेव्हा तीन पायऱ्या असतात: जुन्यापासून वेगळं होणं, मधला अधांतरी काळ आणि नव्यात सामावलं जाणं. आपल्याकडचं समावर्तन तसंच होतं. गुरुगृही शिक्षण संपलं की विधिपूर्वक स्नान व्हायचं, निरोपाचा उपदेश व्हायचा आणि तरुण घरी परतायचा. शेवट कुठे झाला आणि सुरुवात कुठे, याबद्दल मनात संदिग्धता उरत नसे.

दहावीचं आजचं वेळापत्रक या दृष्टीने पाहिलं तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. निरोप समारंभ परीक्षेच्या आधी होतो, जेव्हा डोक्यावर परीक्षेचा ताण असतो. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि केंद्र अनेकदा दुसऱ्याच शाळेत असतं. त्यामुळे शेवटचा पेपर देऊन मूल परक्या फाटकातून बाहेर पडतं. निकाल मे-जूनमध्ये मोबाइलवर लागतो, बहुतेकदा घरातल्या चार भिंतींत. गुणपत्रिका आणि दाखला घ्यायला जो तो आपापल्या सोयीने शाळेत जातो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे पसंतीक्रमाच्या यादीत कुणाचं कॉलेज कुठे लागेल हेही आधी कळत नाही. म्हणजे निरोप चार तुकड्यांत विभागला जातो आणि त्यातला एकही तुकडा पुरता निरोप वाटत नाही.

मधला अधांतरी काळ तर ऐन उन्हाळ्यात येतो. जळगाव-भुसावळचं ऊन मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतं, दुपारभर दारं-खिडक्या लावून घरात बसावं लागतं, मित्र मामाच्या गावाला गेलेले असतात. दहा वर्षं ज्या मुलाचा दिवस घंटेच्या ठोक्यावर चालला, त्याच्यापुढे अचानक रिकामा वेळ आणि न लागलेला निकाल उरतो. या दिवसांत मुलं चिडचिडी होतात, उशिरापर्यंत झोपतात, मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. त्यातला थोडा भाग आळस असेल. बराच भाग मात्र या न संपलेल्या निरोपाचा असतो.

आखाजीचा झोका

याच उन्हाळ्यात खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. त्या दिवशी आपल्याकडे घरोघरी पितरांसाठी घागर भरली जाते, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात राबणाऱ्या गड्याचं, जुनं साल संपून नवं ठरतं आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हटली जातात. त्या गाण्यांत माहेरचं सुख असतं, सासरचा जाच असतो, परत जाण्याची वेळ जवळ आल्याची खंत असते आणि थट्टा-मस्करीही असते. झोक्यावर बसलेली बाई हसत-हसत डोळे पुसते आणि तिला कुणी विचारत नाही की तू नक्की आनंदी आहेस की दुःखी.

भुलाबाईचंही तसंच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर मुली घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, शेवटी खाऊ ओळखायचा खेळ होतो. अजून सासर न पाहिलेल्या मुली त्या गाण्यांतून माहेर सुटण्याचा सराव करतात. श्रावणात कानबाई येते, नागपंचमीनंतरच्या रविवारी तिची स्थापना होते. सुरत, मुंबई, पुण्याला कामाला गेलेले भाऊबंद रोटाच्या, म्हणजे तिच्या प्रसादाच्या, निमित्ताने गावी जमतात आणि दुसऱ्याच दिवशी देवीला वाजतगाजत निरोप दिला जातो. नाचणाऱ्यांच्या डोळ्यांतही पाणी असतं.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी शाळेत कधी गेल्या नाहीत. तरी मन किती चंचल, किती अनावर असतं हे त्यांनी शेतात राबता राबता ओव्यांमध्ये गुंफलं आणि त्यांचं माहेरपण, आखाजी, संसार हे सारं त्यात आलं. १९५१ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या मागे त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी त्या कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मनाचं हे ज्ञान आमच्या भागात पुस्तकाआधीपासून आहे.

सांगायचा मुद्दा हा की निरोप कसा द्यायचा हे खानदेशाला शिकवावं लागत नाही. त्यासाठी आपण वेळ राखून ठेवतो, गाणी ठेवतो, ठरलेला खाऊ ठेवतो, सगळ्यांनी एकत्र यायची सक्ती ठेवतो आणि दोन्ही भावना उघड्यावर येऊ देतो. हेच सगळं शाळा सोडणाऱ्या लेकराच्या वाट्याला मात्र येत नाही. त्याला प्रमुख पाहुण्यांचं भाषण आणि एक पेन मिळतं.

अमळनेर आणि धुळ्याची आठवण

शाळा फक्त विद्यार्थीच सोडतात असं नाही. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणं, कपडे धुणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं ही कामं ते स्वतः करत. मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक त्यांनी चालवलं, पुढे ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. सहा वर्षांनी, १९३० मध्ये, सविनय कायदेभंगाच्या चळवळीसाठी त्यांनी ती नोकरी सोडली. ज्या मुलांसाठी ते रात्री जागले, त्यांना सोडून ते निघाले, कारण त्यांना देशाचं काम हाकारत होतं. माया कमी होती म्हणून कुणी जात नाही. माया असूनही जावं लागतं, हे या निरोपातून दिसतं.

शाळा सोडणं त्यांना विद्यार्थी म्हणूनही चुकलं नव्हतं. दापोलीत शिकत असताना घरची गरिबी आड आली आणि ते औंध संस्थानात गेले. तिथून पुढे पुण्याला. या वणवणीची हकीकत त्यांनी ‘श्याम’ आणि ‘धडपडणारा श्याम’ या पुस्तकांत लिहिली आहे. दहावीनंतर एकट्याने शहरात जाणाऱ्या मुलाच्या हाती सुट्टीत ही पुस्तकं द्यावीत.

पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातूनच झालं. गीतेची सुरुवात होते ती समोर आपलीच माणसं, आपलेच गुरू पाहून अर्जुनाचे हातपाय गळतात तिथून. विनोबांनी पहिल्याच प्रवचनात त्याचं मूळ स्वजनांच्या मोहात आहे असं दाखवलं. मुलांच्या बाबतीत यातून घ्यायचं ते एवढंच: मन दुभंगणं स्वाभाविक आहे, ते बोलून दाखवायला कुणीतरी आपलं माणूस समोर हवं, आणि निर्णय मात्र त्या दुभंगलेल्या क्षणाच्या हाती सोपवायचा नाही. मित्र ज्या कॉलेजला चालला तेच आपलं, असा प्रवेश घेणाऱ्या मुलाने हे जरूर आठवावं.

करायचं काय?

मुलांसाठी पहिली गोष्ट म्हणजे भावनेला नाव देणं. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात भावना शब्दांत मांडल्यावर मेंदूतल्या अमिग्डला या भीती-धोक्याशी जोडलेल्या भागाची प्रतिक्रिया सौम्य झालेली दिसली. ‘कसंतरीच होतंय’ इथे न थांबता पानाच्या मधोमध रेघ ओढावी. एका बाजूला ‘मला आनंद कशाचा आहे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मला काय सुटतंय’ हे लिहावं. रोज सायकलवरून सोबत येणारी मैत्रीण, भूगोलाच्या बाई, मैदानावरचा निंब, असं नेमकं लिहावं. भीती कशाची आहे तेही लिहावं: इंग्रजीतून विज्ञान, होस्टेलचं जेवण, बोलीवर होणारी थट्टा. घालमेल अशी वेगवेगळी करून पाहिली की त्यातल्या काही गोष्टींवर उपाय दिसू लागतो.

जेम्स पेनेबेकर यांनी १९९० मध्ये नव्याने कॉलेजला आलेल्या विद्यार्थ्यांना सलग तीन दिवस थोडा वेळ मनातलं लिहायला लावलं. पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. असं लिहिल्यावर त्या क्षणी मन जड होतं, रडू येतं. ते लिखाण निष्फळ गेल्याचं लक्षण समजू नये. अहिराणीत, लेवाबोलीत, जी भाषा आतून येते तीत लिहावं. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही.

शेवटचे दिवस डोळे उघडे ठेवून जगावेत. जेमी कुर्ट्झ यांच्या २००८ च्या अभ्यासात पदवीच्या सहा आठवडे आधी ज्यांना ‘आता थोडेच दिवस उरले’ असं जाणवून दिलं, ते विद्यार्थी कॉलेजच्या गोष्टींत जास्त रमले आणि जास्त समाधानी राहिले. शेवट जवळ आल्याचं लपवून काही वाचत नाही. ज्या शिक्षकांना ‘तुमच्यामुळे मला हे जमलं’ असं सांगायचं राहिलंय, त्यांना ते जाऊन सांगावं. ज्या मित्राशी अबोला आहे, त्याच्याशी परीक्षेआधी बोलून घ्यावं. आणि शाळेच्या शिपाईदादांना, खिचडी शिजवणाऱ्या मावशींना विसरू नये.

आईवडिलांनी सल्ला देण्याआधी ऐकावं. ‘तुला बरंही वाटतंय आणि वाईटही वाटतंय, होय ना?’ एवढं एक वाक्य पुष्कळ काम करतं. आपली शाळा सुटली तेव्हा काय वाटलं होतं ते सांगावं. ज्या घरात आईची शाळा सातवीलाच सुटली, त्या घरात मुलीच्या दहावीच्या निरोपाला आईच्या मनातही अभिमान आणि जुनी सल एकत्र येते. तिने ती मुलीला सांगितली तर दोघी अधिक जवळ येतील. निकालाच्या दिवशी मूल घरात एकटं राहणार नाही याची काळजी घ्यावी. गुण कमी पडले तर पुरवणी परीक्षा आहे, आयटीआय आहे, पॉलिटेक्निक आहे, खासगीरीत्या बसायला १७ नंबरचा फॉर्म आहे. ही माहिती निकालाच्या आधीच घरात बोलून ठेवावी, म्हणजे त्या दिवशी ती सांत्वनासारखी वाटत नाही.

काही मुलींची शाळा पुढे जाण्यासाठी सुटत नाही, ती बंदच केली जाते. लग्न ठरवलं जातं किंवा घरकामाला बसवलं जातं. तिथे मिश्र भावनांची समजूत घालून भागणार नाही. अठरा वर्षांआधी मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे आणि तो थांबवण्यासाठी मुलांच्या हेल्पलाइनच्या १०९८ या क्रमांकावर कुणालाही, त्या मुलीलासुद्धा, फोन करता येतो. शिक्षकांनी दहावीनंतर प्रत्येक मुलगी कुठे गेली याची चौकशी करणं हासुद्धा निरोपाचाच भाग आहे.

हुरहुर काही आठवडे टिकते, ये-जा करते आणि नव्या ओळखी झाल्या की ओसरते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक उडाली, मूल कुणाशीच बोलेनासं झालं, आवडीच्या गोष्टीतही मन लागेना किंवा ‘जगून काय उपयोग’ अशी भाषा आली, तर वाट पाहू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

शाळांनी एक बदल केला तर या सगळ्याला बळ मिळेल. गुणपत्रिका वाटण्याचा दिवस सगळ्या वर्गासाठी एकच ठेवावा आणि तो खरा निरोप समारंभ करावा. परीक्षा झालेली असेल, निकाल लागलेला असेल, पुढची दिशा थोडीफार कळलेली असेल. पाहुण्यांचं भाषण नको. मुलांनी गोल करून बसावं आणि प्रत्येकाने दोन गोष्टी सांगाव्यात: शाळेतून काय घेऊन चाललो आणि शाळेत काय मागे ठेवून चाललो. नापास झालेली मुलंही त्या वर्तुळात हवीत, त्यांना तर आधी बोलवावं. मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन-तीन मुलांना आणून अकरावीचं पहिलं वर्ष खरं कसं गेलं ते सांगायला लावावं. आणि दाखला देताना कुणी तरी त्या मुलाला सांगावं की दिवाळीच्या सुट्टीत येऊन भेट, आम्ही वाट पाहतो. याला निधी लागत नाही, मंडप लागत नाही. उन्हाळ्यातली एक सकाळ लागते, आणि आपल्या लेकरांना तेवढी देणं कुठल्याही शाळेला शक्य आहे.